खुद्री, चिलापी आणि उल्हासचे पाणी

मीरा-भाईंदर शहर जे पाणी पिते ते मुख्यतः उल्हास नदीच्या खोऱ्यातले आहे. शहाड येथे नदीतून उचलून टेमघर येथे शुद्ध केलेले पाणी शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘स्टेम’, ठाणे आणि भिवंडीबरोबर याही शहराला पुरवते. औद्योगिक विकास महामंडळाकडून मिळणारे पाणीही बारवी-उल्हास याच खोऱ्यातून येते. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा प्रवास करून घोडबंदरच्या डोंगरांना उत्तरेकडून वळसा घालते आणि भाईंदर व नायगाव यांच्यामधून वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. परंतु पावसाळा सरल्यावर नदीत जे पाणी वाहते त्याचा मोठा वाटा उल्हासचा स्वतःचा नसतो. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले, तेव्हापासून ठोकरवाडीच्या धरणात अडवलेले आंध्रा नदीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे अर्धा किलोमीटर खाली उतरवले जाते, त्यावर वीज निर्माण होते आणि मग ते उल्हासमध्ये सोडले जाते. हेच पाणी निसर्गतः इंद्रायणी, भीमा, कृष्णा या क्रमाने वाहत बंगालच्या उपसागराला गेले असते.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या दृष्टीने ही घटना साधी नाही. पक्षी डोंगर ओलांडतो, बी वाऱ्याने किंवा जनावराच्या अंगाला चिकटून पलीकडे जाते, पण केवळ गोड्या पाण्यात जगणाऱ्या माशाला एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याचा मार्ग नसतो. एका बाजूला पाणलोटाची धार आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी या त्याच्या दोन भिंती असतात. म्हणूनच जीवशास्त्रज्ञ ‘स्थानिक’ मासा म्हणतात तेव्हा त्यांना देशातला किंवा राज्यातला मासा अभिप्रेत नसतो, तर त्या नदीच्या खोऱ्यात मनुष्याच्या मदतीशिवाय नांदत आलेला मासा अभिप्रेत असतो. ज्याला माणसाने आणले तो ‘परका’, आणि परक्यांपैकी जो स्वतःहून वाढतो, पसरतो व मूळच्या माशांचे अन्न, अंडी किंवा जागा बळकावतो तो ‘आक्रमक’. भिवपुरीच्या बोगद्याने पाण्याची भिंत तोडली, तरी अर्धा किलोमीटरच्या दाबाखाली फिरणाऱ्या चक्रांतून मोठा मासा जिवंत उतरणे संभवत नाही. महाराष्ट्राच्या नद्यांत परके मासे आले ते या वाटेने नव्हे, तर घागरींतून, डब्यांतून आणि पुढे प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, माणसाच्या हाताने आणि बहुतेक वेळा सद्‌हेतूने.

या बदलाचे मोजमाप करता येते, कारण बदलापूर्वीची एक नोंद उपलब्ध आहे. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तसे करताना भोई-कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून स्वीकारली. खुद्री, कोळस, नुक्ता, फुलंगी ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत रोमन लिपीत छापली जातात. यांतला खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, आणि त्याचा नमुना मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८ मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रात. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, ए. जी. एल. फ्रेझर यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी छापली, आणि २००३ मध्ये पुण्यातील अभ्यासकांनी याच नद्यांची पुन्हा पाहणी केली. या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या की जुन्या यादीतली काही नावे नव्या यादीतून गळालेली आणि जुन्या यादीत नसलेले परके मासे नव्या यादीत शिरलेले दिसतात. प्रदूषण, वाळूउपसा आणि धरणे यांचा वाटा त्यात मोठा आहेच. परंतु परक्या माशांचा वाटा वेगळा काढून पाहणे आवश्यक आहे, कारण सांडपाणी शुद्ध करता येते, तर नदीत रुजलेला मासा सहसा परत घेता येत नाही.

परक्या माशांची पहिली लाट हिवतापाच्या निमित्ताने आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई शहर हिवतापाने पोखरले होते, डॉ. सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये सादर केलेल्या अहवालात शहरातल्या घरगुती विहिरींकडे बोट दाखवले, कारण शहरी हिवताप पसरवणारा अॅनोफिलिस स्टेफेन्सी हा डास विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. विहिरी बुजवण्यास किंवा झाकण्यास मालकांचा विरोध होता, त्यामागे धार्मिक भावनाही होत्या, आणि अशा वेळी डासांच्या अळ्या खाणारा लहानसा मासा विहिरीत सोडणे हा सर्वांना मान्य होण्याजोगा उपाय होता. दक्षिण अमेरिकेतला गप्पी १९०८ च्या सुमारास भारतात आला, तर उत्तर अमेरिकेतला गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीमार्गे आणला गेला. हे दोन्ही मासे अंडी न घालता थेट पिले देतात, त्यामुळे त्यांना विणीसाठी वाहते पाणी, खडी किंवा वनस्पती यांपैकी कशाचीही गरज लागत नाही. बंदिस्त विहिरीत हा गुण वरदान ठरला. पावसाळ्यात विहिरी व डबकी ओसंडून मासे ओढ्यांत गेले तेव्हा तोच गुण घातक ठरला. गॅम्बुशिया अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी व पिलेही खातो आणि मोठ्या माशांचे पर कुरतडतो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जीवांची जी यादी जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी तयार केली तीत त्याचे नाव आहे. गप्पी मात्र आजही महानगरपालिकांच्या हिवताप नियंत्रणात वापरला जातो. बंद टाकीत तो सोडण्यास हरकत घेण्याचे कारण नाही. नाल्याशी किंवा ओढ्याशी जोडलेल्या पाण्यात तो सोडणे हा निराळा निर्णय आहे, आणि हा फरक शतकभरात फारसा पाळला गेला नाही.

याच काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी करमणुकीसाठी ट्राउट आणला. स्कॉटलंडहून आलेली तपकिरी ट्राउटची अंडी १९०० मध्ये काश्मीरला सुखरूप पोचली आणि पुढे निलगिरीच्या थंड ओढ्यांत इंद्रधनुषी ट्राउट रुजला. अमेरिकेत ज्या इंद्रधनुषी ट्राउटचे संरक्षण हा काही नद्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे तोच मासा वर उल्लेखिलेल्या उपद्रवी जीवांच्या यादीत आहे. यात विसंगती नाही: मासा तोच असला तरी नदी बदलली की त्याची भूमिका बदलते. महाराष्ट्राच्या उष्ण पाण्यात ट्राउट जगू शकत नसल्याने येथे तो रुजला नाही. गळाने मासेमारी करणाऱ्या साहेबांनी येथे महसीरलाच भारताचा सॅमन मानले.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. देशात अन्नाची टंचाई होती, नवी धरणे भरत होती, आणि त्यांच्या विस्तीर्ण पाण्यात वाहत्या नदीचे मासे तग धरीत नव्हते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्प माशांची वीण घडवून आणली, आणि नदीतून मत्स्यबीज गोळा करण्याचे अवलंबित्व संपले. त्यानंतर गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिले, महाराष्ट्राच्या धरणांत वर्षानुवर्षे सोडली गेली. त्यांच्या जोडीला मूळचा युरोप-आशियातला सायप्रिनसही आला, जो तळ उकरून पाणी गढूळ करतो. कटला भारतीय असल्याने त्याला कोणी परका म्हटले नाही. भीमेच्या दृष्टीने मात्र तो सायप्रिनसइतकाच बाहेरचा होता.

चिलापीची कथा यापेक्षा वेगाने घडली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये बँकॉकहून मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रात आणला गेला. कोणतेही पाणी चालणारा, काहीही खाणारा आणि बीजाची चिंता नसलेला मासा म्हणून त्याचे कौतुक झाले. अवघ्या सात वर्षांत, १९५९ मध्ये, त्याच्या प्रसारावर बंदीची शिफारस करण्याची वेळ आली. नर उथळ पाण्यात तळाशी बशीसारखा खळगा करतो, मादी त्यात घातलेली अंडी लगेच तोंडात घेते आणि पिले पोहू लागेपर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही दिवस, धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात आश्रय देते. खुद्रीची अंडी खडीत उघडी पडलेली असतात. चिलापीची अंडी आईच्या जबड्यात असतात. एका हंगामात अनेकदा वीण होत असल्याने तळे लहान, खुरटलेल्या माशांनी भरून जाते आणि इतरांना जागा उरत नाही. भीमेवरच्या उजनीच्या जलाशयात आज चिलापी हा जाळ्यात येणारा प्रमुख मासा आहे आणि जवळच्या भिगवणच्या बाजारावर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यामुळे त्याचे उच्चाटन ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे आणि त्या कुटुंबांच्या दृष्टीने अन्यायाचीही ठरेल.

यानंतर जे आले ते सरकारच्या हाताने नव्हे. आफ्रिकन मांगूर चोरट्या मार्गाने बांगलादेशातून भारतात शिरला; हवेतला प्राणवायू घेऊ शकणारा हा मांसाहारी मासा कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर, अत्यंत घाण पाण्यात दाटीने वाढवता येतो. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली, तरी तळी चालूच राहिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ मधील आदेशानंतर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने तळ्यांतला साठा नष्ट करण्याची मोहीम हाती घेतली. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा तर शोभेच्या काचपेटीतून आला. घरात तो मोठा झाला की लोक दयाबुद्धीने त्याला तलावात सोडतात, आणि त्याच्या काटेरी, चिलखती अंगाने उजनीतल्या मच्छीमारांची जाळी फाटतात.

या साऱ्या घटनांत खलनायक बाहेरचा आहे. लोणावळ्याची घटना मात्र अधिक विचार करायला लावणारी आहे, कारण तीत परका ठरलेला मासा महाराष्ट्राचा स्वतःचा, आणि तोही संकटात सापडलेला होता.

खुद्री पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडीच्या, प्राणवायूने समृद्ध पाण्यात अंडी घालतो. इंद्रायणी, आंध्रा आणि मुळा यांच्या माथ्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत टाटांची धरणे उभी राहिली तेव्हा या वाटा तुटल्या. खाली सुरुंगाच्या दारूने आणि विषाने होणारी मासेमारी १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने निषिद्ध असूनही चालू होती. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसे येथे देवाचे म्हणून राखलेले महसीर सुरक्षित राहिले, पण असे डोह मोजकेच. अशा वेळी, १९७० च्या सुमारास, महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात खुद्रीचे कृत्रिम फलन यशस्वी केले. वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात पावसाळ्यात जलाशयाच्या मुखाशी आलेले पक्व मासे पकडून मादीच्या पोटावर हलका दाब देत अंडी काढायची, त्यावर नराचे शुक्र मिसळायचे आणि ती सोनेरी, जड अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत पसरून ठेवायची, अशी ही रीत होती. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी पुढे एक विलक्षण गोष्ट दाखवली: महसीरची फलित अंडी पाण्यात ठेवलीच पाहिजेत असे नाही, ओल्या कापसाच्या थरांत गुंडाळून ती विमानाने दूर पाठवता येतात. या शोधामुळे वजन घटले, खर्च घटला आणि खुद्री भारतात कोठेही पोचवणे शक्य झाले.

भारतीय मत्स्यविज्ञानातली ही खरोखर अभिमानास्पद कामगिरी आहे, आणि नंतर जे घडले त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून लोणावळ्याची बोटुकली कर्नाटकात जाऊ लागली आणि कावेरीत सोडली गेली. कावेरीत तेव्हा दुसराच महसीर राहत होता: पाठीवर कुबड, नारंगी पर आणि प्रचंड देह. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगन कुटुंबातील शिकाऱ्याने गळाने पकडलेला असा मासा १२० पौंडांचा होता. हा मासा जगभरच्या गळकऱ्यांना ठाऊक होता, परंतु त्याला निश्चित शास्त्रीय नाव नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याच्यासाठी ना कायदा असतो ना बीजकेंद्र. महसीर कमी होत आहेत एवढेच दिसत होते. म्हणून महसीर सोडले गेले.

नुकसान उघड झाले ते एका अनपेक्षित साधनामुळे. कावेरीकाठच्या गलिबोरे येथील मासेमारी शिबिरात पकडून पुन्हा सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद १९९८ ते २०१२ या काळात ठेवली गेली होती. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी २०१५ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले: निळ्या परांच्या महसीरची, म्हणजे लोणावळ्याच्या खुद्रीची, संख्या वाढत गेली होती, आणि कुबड्या महसीरची घटत गेली होती. त्यातही कुबडे मासे जे मिळत ते वर्षागणिक अधिक मोठे होते. वरवर पाहता मोठे मासे मिळणे हे सुचिन्ह वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की नवी पिढी येतच नव्हती, फक्त म्हातारे उरले होते. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांनीही कावेरीचे नुकसान केलेच होते, पण त्याच पाण्यात, त्याच काळात खुद्री फोफावत होता, म्हणून केवळ पाण्याला दोष देता येत नव्हता. २०१८ मध्ये याच अभ्यासकांनी, पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील नीलेश डहाणूकर यांच्यासह, कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीत मिळालेल्या माशांच्या आधारे सिद्ध केले की कुबडा महसीर म्हणजे केरळातून आधीच वर्णन झालेला टोर रेमादेवी होय. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून जागतिक लाल यादीत गेला. पूर्वी ‘संकटग्रस्त’ असलेला खुद्री पुढे ‘कमी चिंतेच्या’ गटात आला, आणि ही वार्ता लोणावळ्याच्या पन्नास वर्षांच्या कामाचे यश म्हणून प्रसिद्ध झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकाच केंद्रातून निघाल्या आहेत.

आक्रमक माशांचे नियंत्रण हा शब्दप्रयोग या पार्श्वभूमीवर तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतील यलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये परका लेक ट्राउट आढळला; तेथील स्थानिक कटथ्रोट ट्राउट वाचवण्यासाठी तेव्हापासून मैलोगणती जाळी टाकून लाखो परके मासे काढले जातात, आणि हे काम थांबवता येत नाही. लहान ओढ्यांत काही देशांत रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष सोडून सर्व मासे मारतात आणि मग स्थानिक मासे परत सोडतात. रामेठ्याच्या सालीने किंवा गेळफळाने कोंडीतले मासे गुंगवण्याची सह्याद्रीतली आदिवासी पद्धत तत्त्वतः याच जातीची आहे, पण जी नदी शहराला पाणी पाजते तीत विषाचा विचारही करता येत नाही. उल्हाससारख्या नदीत उरतात ते दोन मार्ग: नवा मासा येऊ न देणे, आणि जेथे नदी लहान आहे तेथे हाताने काम करणे.

पहिल्या मार्गासाठी बीज सोडण्यापूर्वी ते कोणत्या खोऱ्यातल्या जनकांचे आहे याची नोंद सक्तीची हवी. लोणावळ्याचा खुद्री भीमेत सोडणे आणि कावेरीत सोडणे या दोन कृती कागदावर आज जवळजवळ सारख्याच दिसतात. दुसऱ्या मार्गासाठी मीरा-भाईंदरचा भूगोल विशेष महत्त्वाचा आहे. येऊरच्या डोंगरांतून उतरणारी चेणे नदी याच शहराच्या हद्दीत घोडबंदरजवळ खाडीला मिळते. कटला, खुद्री किंवा डोंगरओढ्यातले छोटे स्थानिक मासे भरतीचे खारे पाणी ओलांडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ही खाडी भिंत आहे आणि त्यामुळेच कोकणातल्या लगतच्या ओढ्यांतले मासे हजारो वर्षे वेगळे राहिले. चिलापी मात्र निमखाऱ्याच नव्हे तर समुद्राच्या पाण्यातही जगतो. बोय आणि निवट्या जेथे मिळतात त्या खाडीतून तो एका ओढ्याच्या मुखातून दुसऱ्याच्या मुखात शिरू शकतो, म्हणजे इतरांची भिंत त्याच्यासाठी रस्ता आहे. त्याला अडवण्याची जागा खाडीत नाही, ओढ्याच्या चढावर आहे: एखादा नैसर्गिक धबधबा, जुना बांध किंवा उंच पायरी, जिच्या वर तो चढू शकत नाही आणि जिच्या वर कोणी पिशवीतून त्याला नेऊन सोडू नये.

आणि काम करण्याचा काळही ठरलेला आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत असे ओढे आटून एकमेकांपासून तुटलेल्या डोहांत विभागले जातात. या डोहांत बारीक आसाचे पाग आणि ओढजाळी फिरवून चिलापी वेचून काढता येतो, स्थानिक मासे जागच्या जागी परत सोडता येतात, आणि मादीच्या तोंडातली पिले निसटू नयेत म्हणून प्रत्येक पकडलेली मादी पाण्याबाहेर, कोरड्या घमेल्यात तपासावी लागते. जूनच्या पहिल्या लोंढ्यापूर्वी हे आटोपले नाही तर डोह पुन्हा जोडले जातात आणि वर्ष वाया जाते. कोळी, भोई आणि डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांतल्या लोकांना ही हत्यारे, हे डोह आणि हा हंगाम ठाऊक आहे. मत्स्यव्यवसाय विभाग, राष्ट्रीय उद्यान आणि महानगरपालिका यांच्या कोणत्याही संयुक्त योजनेत माशांची मोजणी त्यांच्याच हातांनी सुरू व्हावी लागेल.